ब्रश कटर थंड असताना लगेच चालू, तापला की बंद. कार्ब्युरेटर बदलण्याआधी काय तपासावं?

तापीकाठ (चोपडा)
मशीन: ५२ सीसी टू स्ट्रोक ब्रश कटर, साइडपॅक (खांद्याला अडकवायचा), डायफ्रामचा कार्ब्युरेटर. काम: केळीच्या सऱ्यांमधलं आणि बांधावरचं गवत.
सकाळी दोन-तीन झटक्यांत चालू होतो, पंधरा-वीस मिनिटं मस्त चालतो, मग आवाज फाटायला लागतो, मधेच ठोके चुकतात आणि बंद. लगेच दोरी ओढली तर दाद देत नाही. अर्धा तास सावलीत ठेवला की पुन्हा पहिल्यासारखा. प्लग नवा आहे, एअर फिल्टर धुतलेला आहे, मिक्सिंग १ लिटर पेट्रोलला ४० मिली ऑइल. दुकानदाराचं एकच पालुपद, कार्ब्युरेटर बदला. शेतातच, हाताशी असलेल्या पान्यांत कारण पक्कं करता येईल का?

भरीतपार्टी
मशीनले बी ऊन लागस भो. वैशाखात पंधरा मिनिटं चालतो म्हणजे आमच्यापेक्षा बरा आहे. 😀

दोन_स्ट्रोक (भुसावळ)
कार्ब्युरेटरची घाई नको. ‘तापलं की बंद’ या लक्षणामागे पाच-सहा कारणं असू शकतात आणि मशीन थंड झालं की त्यातलं बहुतेक काही सापडत नाही. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत मशीन थंड झालेलं असतं, म्हणून तिथे अंदाजाने पार्ट बदलले जातात. तपासणी बंद पडल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांतच करायची. प्लग पाना, स्पार्क टेस्टर आणि जाड हातमोजे आधीच जवळ ठेवा. सायलेन्सरला हात लावू नका आणि पेट्रोलचा कॅन लांब ठेवा.

आधी टाकीचं झाकण हळूच सैल करा. फुस्स करून हवा आत गेली आणि त्यानंतर मशीन चालू झालं, तर टाकीचा ब्रीदर चोक आहे. पेट्रोल खाली जातं, तेवढी हवा आत येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि कार्ब्युरेटरचा पंप ओढू शकत नाही.

मग प्रायमरचा फुगा बघा. दाबल्यावर पेट्रोलने भरला तर ठीक. नुसते बुडबुडे येत राहिले तर पेट्रोलची वाफ तरी होतेय किंवा नळी कुठेतरी चिरलेली आहे. टाकीतून बाहेर येते तिथे ही नळी कडक होऊन फाटते, तिथे वाकवून बघा.

नंतर प्लग काढा. कोरडा म्हणजे पेट्रोल पोचत नाही. ओला म्हणजे पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही, किंवा गरजेपेक्षा जास्त येतंय. इथेच अर्धं निदान होतं.

त्यानंतर ठिणगी. टेस्टर ५-६ मिमी फटीवर ठेवून बघा. नुसता प्लग ब्लॉकला टेकवून बघितला तर फसायला होतं, कारण उघड्या हवेत कमजोर कॉइलसुद्धा (ठिणगीची वीज तयार करणारा भाग) ०.६ मिमीच्या फटीत ठिणगी देते आणि दाबाखाली गप्प बसते. टेस्टर प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलचा फवारा बाहेर येतो.

शेवटी प्लग परत लावून दोरी हळू ओढा. थंड असताना जो दम लागतो तेवढाच लागला पाहिजे. गरम असताना दोरी सैल वाटली तर गोष्ट रिंग-पिस्टनपर्यंत गेली आहे.

शिरपूर_वर्कशॉप
क्रम बरोबर, एक भर. मे महिन्यात झाकण उघडल्यावर हवा आत जाण्याऐवजी पेट्रोल बाहेर उसळतं, असंही होतं. टाकी तापून आत दाब तयार होतो. हा दाब सुईवरून पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये ढकलतो आणि इंजिन फ्लड होतं. ब्रीदर तोच, खराबीही तीच, पण लक्षण उलटं: प्लग ओला. म्हणून ओला प्लग दिसला की लगेच कॉइलवर खापर फोडू नका. आणि गरम मशीनचं झाकण एकदम उघडू नका, समोरच सायलेन्सर असतो.

ब्रीदर काही मॉडेलमध्ये झाकणातच असतो, काहींमध्ये टाकीला वेगळी बारीक नळी आणि टोकाला छोटी जाळी असते. गवताचा भुसा आणि ऑइल मिळून तिचा लगदा होतो. पेट्रोलमध्ये धुवा, फुंकून बघा.

यावलचा_बागायतदार
उन्हाळ्यात ऑइल दुप्पट टाकायचं, इंजिन थंड राहतं. १ लिटरला ८० मिली. आमच्याकडे सगळे तेच करतात.

दोन_स्ट्रोक (भुसावळ)
@यावलचा_बागायतदार, नेमकं उलटं होतं. कार्ब्युरेटरच्या जेटमधून ठरावीक द्रव जातो. त्यात ऑइल वाढलं म्हणजे पेट्रोल कमी झालं, म्हणजे मिश्रण पातळ झालं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी). पातळ मिश्रण जास्त तापतं. शिवाय जास्तीचं ऑइल एक्झॉस्ट पोर्टवर आणि सायलेन्सरच्या जाळीवर कार्बन होऊन बसतं, धूर बाहेर पडायला जागा राहत नाही, आणि तापमान आणखी वाढतं.

कंपनीने ज्या ऑइलसाठी जे प्रमाण दिलंय तेच ठेवा. साध्या टू टी ऑइलला बहुतेक ठिकाणी १:२५, म्हणजे लिटरला ४० मिली. चांगल्या सिंथेटिक ऑइलवर १:५० लिहिलेलं असेल आणि मशीनच्या पुस्तकातही तेच असेल तर २० मिली. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी (टू स्ट्रोक ऑइलची प्रत) लिहिलेलं बघा. बोटीच्या इंजिनांचं टीसी-डब्ल्यू ३ ऑइल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी आहे, ते यात नको. मोजायला जनावरांच्या औषधांच्या दुकानातली २० मिलीची सिरिंज घ्या, झाकणाने मोजू नका.

यावलचा_बागायतदार
मग ऑइल कमी पडून पिस्टन खरवडला तर?

शिरपूर_वर्कशॉप
ते बघता येतं. सायलेन्सरचे दोन बोल्ट काढा, दोरी हळू ओढत पिस्टन खाली-वर करा आणि एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्च मारा. पिस्टनची ती बाजू गुळगुळीत आणि रिंग मोकळी दिसली तर घाबरायचं कारण नाही. फक्त एक्झॉस्ट बाजूला उभे ओरखडे असतील तर ऑइल कमी, मिश्रण पातळ किंवा अति उष्णता. कार्ब्युरेटर काढून आतल्या बाजूनेही बघा, तिकडेही चरे असतील तर धूळ गेली आहे, म्हणजे एअर फिल्टर नीट बसत नाही. काळ्या मातीची बारीक धूळ ऑइल नसलेल्या फोममधून आरपार जाते. फोम साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, मग दोन-चार थेंब इंजिन ऑइल टाकून मुठीत पिळा.

कपाशीवाला (एरंडोल)
फोम मिळत नसेल तर कापूस? आपल्याकडे कमी नाही म्हणून विचारतो.

शिरपूर_वर्कशॉप
कापूस विकायचा असतो दादा, इंजिनाला खाऊ घालायचा नसतो. तंतू सुटून चोकच्या पातीपासून बारीक भोकापर्यंत कुठेही अडकतो.

धुळे_यंत्र
कोणी अजून पेट्रोलवर आलं नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि जुन्या डिझाइनचे हे छोटे कार्ब्युरेटर त्यासाठी जेट केलेले नाहीत. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच जेटमधून मिश्रण आपोआप पातळ होतं. चारचाकीत सेन्सर बघून संगणक पेट्रोल वाढवतो, इथे ते काम एच स्क्रू (पूर्ण रेसवरचं मिश्रण ठरवणारा) करतो.

दुसरं, इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. अर्धी टाकी महिनाभर पडून राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होऊ शकतो. टाकीतला फिल्टर तळाशीच असतो, म्हणजे पहिला घोट तोच. त्या थरात टू टी ऑइल नीट मिसळत नाही, म्हणजे इंजिन त्या वेळी जवळजवळ कोरडं चालतं. तिसरं, डायफ्रामचा रबरी पडदा कडक होतो. पडदा हातात घेऊन हलवला तर तो लवचीक असायला हवा, कागदासारखा कुरकुरला तर किट बदला. अख्खा कार्ब्युरेटर बदलायची गरज नसते, पडदा, पंपाचा पडदा, सुई आणि गॅस्केटचं किट वेगळं मिळतं.

अमळनेरी
पेट्रोलमध्ये पाणी टाकून इथेनॉल वेगळं काढता येतं असा व्हिडिओ फिरतोय. केलं तर चालेल का?

धुळे_यंत्र
तपासायला चालेल, वापरायला नाही. १०० मिलीच्या उभ्या मोजपात्रात ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घाला, हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर १० वरून २७-२८ च्या आसपास गेला तर २० टक्के इथेनॉल आहे असं समजा.

पण असं धुतलेलं पेट्रोल मशीनमध्ये नको. इथेनॉलनेच ऑक्टेन वाढवलेला असतो, तो निघून गेला की ऑक्टेन घसरतो, उन्हाळ्यात भाराखाली इंजिन ठोकायला लागतं. शिवाय थोडं पाणी राहतंच. घरी उघड्यावर दोन-चार लिटर पेट्रोलचा हा खेळ आगीला आमंत्रण आहे. त्यापेक्षा आठवड्यापुरतं मिक्सिंग करा, महिन्याच्या आत संपवा, आणि काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

तापीकाठ (चोपडा)
पेट्रोल ताजंच असतं. एच स्क्रू किती फिरवायचा? आमच्या कार्ब्युरेटरला दोन स्क्रू दिसतात, पण एक बहुतेक आयडलिंगचाच आहे.

दोन_स्ट्रोक (भुसावळ)
थांबा. निदान होईपर्यंत स्क्रूला हात लावू नका, नाहीतर एका खराबीच्या दोन होतात. या ५२ सीसी मशीनच्या बऱ्याच कार्ब्युरेटरमध्ये मिश्रणाचा एकच स्क्रू असतो, दुसरा नुसता थ्रॉटलचा थांबा.
नंतर कधी फिरवायचा झाला तर: स्क्रू आत हलक्या हाताने टेकेपर्यंत किती फेरे जातात ते लिहून ठेवा, मग तेवढेच बाहेर काढून तिथून पाव फेऱ्यापेक्षा कमी हलवा. जोराने घट्ट केला तर सुईचं टोक आणि बैठक दोन्ही जातात. पूर्ण रेसवर, भार नसताना, आवाज थोडा जाड आणि किंचित अडखळणारा हवा. शिट्टीसारखा चिरका आवाज म्हणजे मिश्रण पातळ, लगेच रेस सोडा.

पॉवर_विडर_जामनेर
आमच्याकडे फोर स्ट्रोक ब्रश कटर आहे, होंडाचं जीएक्स ३५ इंजिन. तेच लक्षण, गरम झाला की बंद. यातलं काय लागू?

शिरपूर_वर्कशॉप
फोर स्ट्रोकमध्ये आधी टॅपेट बघा. व्हॉल्व्हची फट कमी झाली की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कंप्रेशन गळतं. थंड झाला की पुन्हा बसतो, म्हणून लक्षण सारखं वाटतं. इंजिन पूर्ण थंड असताना फिलर गेजने इनटेक ०.०८ मिमी, एक्झॉस्ट ०.११ मिमी, दोन्हीला ०.०२ इकडे-तिकडे चालतं. ऑइल फक्त १०० मिली बसतं, १० डब्ल्यू ३०. लोक ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून भरतात आणि मग एअर फिल्टर ऑइलने ओला होतो.
विडरचं २०० सीसीचं इंजिन असेल तर प्रकरण वेगळं. त्यात ऑइल कमी झालं की ठिणगी तोडणारा सेन्सर असतो. उतारावर किंवा मशीन तिरपं झालं की ऑइल एका बाजूला जातं आणि इंजिन चांगलं असूनही बंद पडतं. सपाट जागेवर ठेवून ऑइल बघा, भोकाच्या काठापर्यंत हवं, साधारण ०.६ लिटर.

पॉवर_विडर_जामनेर
विडर उतारावरच अडतो. कळलं. ब्रश कटरचे टॅपेट बघतो.

केळीबाग_रावेर
ब्रश कटरच्या मूळ प्रश्नात एक गोष्ट राहिली. केळीच्या बागेत चालतो म्हणालात. केळीचा चीक आणि गवताचा भुसा मिळून सिलेंडरच्या फिनमध्ये (हवेने थंड होण्यासाठीच्या पट्ट्यांमध्ये) खडकासारखा थर जमतो. वरून दिसत नाही, प्लास्टिकचं कव्हर काढावं लागतं. लाकडी काडीने खरवडा, ब्रश मारा. प्रेशरने पाणी मारू नका, फ्लायव्हीलच्या मागे सील आणि कॉइल असते.

आणि नायलॉन दोरी वापरत असाल तर गार्डवरची छोटी कापणी पाती जागेवर आहे का? बहुतेक लोक ती काढून टाकतात म्हणजे दोरी लांब राहते आणि पट्टा रुंद पडतो. पण दोरी लांब झाली की इंजिनवर भार वाढतो, आरपीएम पडतात, फ्लायव्हीलचा पंखा कमी हवा फेकतो आणि क्लचही घसरून तापतो. जाड लव्हाळ्याला दोरीऐवजी तीन दातांची पाती लावा. ४३-४४ अंशांत कामाची वेळही बदला, सकाळी सहा ते नऊ.

भरीतपार्टी
सहा ते नऊ मशीन, नऊ ते अकरा वांगी भाजणं. वेळापत्रक ठरलं.

धुळे_यंत्र
कार्ब्युरेटर आणि सिलेंडरच्या मध्ये काळा बेकेलाइटचा ठोकळा असतो, तोही बघा. तो तडकला किंवा कोणी फेकून दिला तर सिलेंडरची उष्णता सरळ कार्ब्युरेटरमध्ये जाते आणि पेट्रोल उकळतं. त्याला आणि गॅस्केटला एक बारीक भोक असतं, त्यातून क्रँककेसचे दाबाचे ठोके कार्ब्युरेटरच्या पंपापर्यंत जातात. गॅस्केट उलटं बसवलं तर भोक झाकलं जातं आणि पंप मेलाच समजा. आधी कोणी कार्ब्युरेटर खोलून बसवला असेल तर हे आवर्जून बघा.

तापीकाठ (चोपडा)
सांगितल्या क्रमाने तपासलं. बंद पडल्यावर लगेच झाकण सैल केलं, ना हवा आत गेली, ना पेट्रोल उसळलं, मशीनही चालू झालं नाही. फुगा पेट्रोलने भरलेला, बुडबुडे नाहीत. प्लग ओला. टेस्टरवर ५ मिमी फटीत ठिणगी नाही, ३ मिमीवर अधूनमधून पिवळसर. दोरीला दम सकाळइतकाच. थंड झाल्यावर ५ मिमीवर कडक निळी ठिणगी. ठोकळा आणि गॅस्केट ठीक. फिनमध्ये मात्र खरंच चीक-भुशाचा थर निघाला.

केळीबाग_रावेर
कॉइलच शे. 😀

शिरपूर_वर्कशॉप
कॉइल असण्याची शक्यता जास्त, पण पैसे घालण्याआधी एक तपासणी बाकी. कॉइलवरून स्विचकडे जाणारी बारीक वायर कॉइलपाशीच सोडून द्या आणि गरम असताना पुन्हा ठिणगी बघा. ही वायर अर्थ झाली की इंजिन बंद होतं, त्यावरच स्विच चालतो. दांड्यावरून रेसच्या केबलबरोबर जाताना तिचं आवरण घासतं, तापून मऊ झालं की आतली तार पत्र्याला लागते. वायर काढल्यावर गरम मशीनमध्ये ठिणगी आली तर वायर किंवा स्विच, नाही आली तर कॉइल. वायर सोडलेली असताना स्विच काम करणार नाही, बंद करायला चोक ओढा. पाती काढून ठेवूनच ही तपासणी करा.
प्लग कॅपच्या आतली स्प्रिंगही बघा, गंजली असेल तर तारेला नीट टेकत नाही.

तापीकाठ (चोपडा)
वायर सोडून बघितली, गरम असताना ठिणगी नाहीच. कॅपची स्प्रिंग स्वच्छ आहे. नवी कॉइल घेताना आणि बसवताना काय बघू? मल्टीमीटरने तपासून घेता येईल का?

दोन_स्ट्रोक (भुसावळ)
मल्टीमीटरवर भरवसा नको. आत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, थंड असताना ओहम बरोबर दाखवून गरम झाल्यावर फेल होणाऱ्या कॉइल भरपूर. जुनी कॉइल सोबत न्या, बोल्टच्या दोन भोकांमधलं अंतर, पायांची उंची आणि वायर निघायची बाजू जुळवा.

बसवताना फ्लायव्हीलचं चुंबक आणि कॉइलचे पाय, दोन्हीवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढा. बोल्ट सैल ठेवून चुंबक कॉइलसमोर आणा, मध्ये ०.३ मिमीचा फिलर किंवा साधं व्हिजिटिंग कार्ड सरकवा, चुंबक कॉइलला आपोआप ओढून घेईल, तसेच बोल्ट आवळा. कार्ड काढा, फ्लायव्हील एक पूर्ण फेरा हाताने फिरवा, कुठे घासायला नको. फट मोठी राहिली तर दोरी जोरात ओढावी लागते आणि गरम असताना ठिणगी पुन्हा मार खाते. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिमी.

आणि फिन साफ केल्याशिवाय कॉइल बसवू नका. ती त्याच गरम सिलेंडरला चिकटून बसते. बंद करण्याआधी अर्धा-एक मिनिट आयडलवर चालू द्या, पंख्याची हवा तेवढी मिळते.

यावलचा_बागायतदार
मग कार्ब्युरेटर वाचला म्हणायचा. बरं, मी ८० मिलीवालं दोन लिटर मिक्सिंग करून ठेवलंय, त्याचं काय करू?

दोन_स्ट्रोक (भुसावळ)
त्यात दोन लिटर साधं ताजं पेट्रोल घाला, १:२५ झालं. चार लिटर महिन्यात संपत नसेल तर शेजाऱ्याला द्या.

अमळनेरी
याच धाग्यात विचारतो, पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप, टू स्ट्रोक. चोक देऊन देऊन फ्लड झालाय, प्लगमधून पेट्रोल ठिबकतंय.

शिरपूर_वर्कशॉप
पेट्रोल कॉक बंद. प्लग काढा, चोक पूर्ण उघडा, रेस पूर्ण, इंजिन उलटं करून प्लगच्या भोकातून पेट्रोल गळू द्या, मग दोरी आठ-दहा वेळा ओढा. प्लगची कॅप त्या वेळी भोकापासून लांब आणि ब्लॉकला अर्थ केलेली. प्लग पुसून कोरडा करून लावा, चोक न देता अर्ध्या रेसवर चालू करा. परत फ्लड झाला तर कार्ब्युरेटरच्या सुईखाली कचरा आहे. तुमचा पंप फ्लोटचा की डायफ्रामचा, ते आधी सांगा, खोलायची पद्धत वेगळी आहे.